चाचणीची विहीर

बीडला खताच्या दुकानावरच्या खोलीत मी सॉफ्टवेअरची कंपनी थाटली, तेव्हा दर महिन्याच्या एक तारखेला पुण्यातल्या भागीदाराला प्रगतीचं पत्र पाठवायचं ठरलं. हातात तीन कामं होती: सहकारी दूध सोसायट्यांचं संकलन, चारा छावणीतल्या जनावरांची नोंद आणि टँकरच्या खेपा. प्रत्येकाखाली दोन ओळी, झालेलं आणि राहिलेलं. या पत्रांचा मला भारी अभिमान होता.

त्या वर्षी पावसाने दडी मारली आणि माझी पत्रं फुलत गेली. सोसायट्यांचं दूध आटत होतं, पण छावण्या वाढत होत्या आणि टँकर तर विचारूच नका. एका पत्रात मी लिहिलं, ‘मागणी उत्तम आहे.’ आज ते वाचलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

टँकरच्या कामात एक सोय माझ्या डोक्यातून निघालेली. विहिरींची यादी भरली की पाणी तुटलेल्या वस्तीला सगळ्यात जवळची भरलेली विहीर आमचं सॉफ्टवेअर आपोआप दाखवायचं. ते चालतं का, हे बघायला एक विहीर हवी होती. मी आमचीच टाकली, तलवाड्याच्या शिवारातली, थोरल्या भावाच्या मोसंबीच्या बागेतली. नकाशावर डोळे झाकून सापडणारी तेवढीच होती. पाण्याच्या रकान्यात लिहिलं, वीस फूट. लहानपणी आम्ही तिच्यात उड्या मारायचो, तेव्हा असेल तेवढं.

चाचणी झकास झाली. त्या महिन्याच्या पत्रात ‘राहिलेलं’खाली एक ओळ गेली: चाचणीची नोंद काढणे. पुढच्या महिन्यात तलाठ्यांच्या याद्या आल्या, त्या भरण्यात आम्ही गुंतलो आणि ती ओळ मी जशीच्या तशी पुढच्या पत्रात उतरवली. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. दोन मिनिटांचं काम होतं, म्हणूनच राहिलं.

इकडे भाऊ काय करत होता, ते मला माहीत होतं. विहिरीत जेमतेम सात फूट उरलं होतं. निम्म्या झाडांची आशा त्याने सोडली होती, उरलेल्यांना दर तिसऱ्या दिवशी तासभर ठिबक द्यायचा. रोज सकाळी दोरीला दगड बांधून पाणी मोजायचा आणि गावात कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही. वहिनीलाही आकडा ठाऊक नव्हता. सांगायचा तो फक्त मला, फोनवर. “पाऊस येईस्तोवर धकंल,” म्हणायचा.

चौथ्या महिन्यात तलवाड्यापलीकडच्या दोन वस्त्यांचं पाणी तुटलं आणि सॉफ्टवेअरने जवळची विहीर म्हणून आमचीच दाखवली. तलाठी बघून गेला. वीस फूट नव्हतं, पण माणसांना प्यायला पुरेल इतकं होतं. विहीर अधिग्रहित झाल्याचं तहसीलचं पत्र भावाच्या हातात पडलं, ठिबक बंद झालं आणि टँकर बागेत शिरू लागला. पिण्याच्या पाण्याला नाही कोण म्हणणार? तोही म्हणाला नाही.

“यादीत वीस फूट लिवलंय,” असा त्याचा फोन आल्यावर मी नोंद उघडली. प्रत्येक विहिरीखाली भरणाऱ्याचं नाव दिसतं, ती सोयही माझीच. तिथे माझं नाव होतं. नोंद काढून आता बाग वाचणार नव्हती, हुकूम कागदावर होता आणि दोन वस्त्या त्याच पाण्यावर जगत होत्या. मी नोंद राहू दिली, फक्त नाव पुसलं. त्या महिन्याच्या पत्रात ती ओळ ‘झालेलं’खाली गेली.

महिन्याभराने घरी गेलो. बाग उभी होती, पण पानं वळली होती आणि हात लावला की फांदीचा कट्‌ आवाज यायचा. भाऊ बांधावर बसलेला. मीच न राहवून म्हणालो, आपल्या विहिरीचं नाव कुणी दिलं ते मी बघितलं, काही दिसत नाही. खोटं बोलताना माझा आवाज फार सरळ निघाला.

वहिनी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तो माझ्या हातात देता देता ती म्हणाली, “कुणी का दिलं आसंना. माझ्या झाडांचा तळतळाट लागंल त्याला. त्याच्या घरात पान्याचा थेंब ऱ्हायचा न्हाई.”

भाऊ तिच्यावर कधी ओरडायचा नाही. त्या दिवशीही ओरडला नाही.

“गप,” तो म्हणाला. “आपल्याच घराला लागंल ते.”

माझ्याकडे त्याने बघितलं नाही. तांब्या माझ्या हातात तसाच होता.