गुरुजींची मांडी

गुरुजींचा गुडघा धोतरातून आरपार बाहेर आला आणि मीटिंगमधल्या सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मला मात्र बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फारच बरं वाटलं.

गुरुजी म्हणजे आमच्या ॲनिमेशन मालिकेतलं मुख्य पात्र. गावातल्या मुलांना गोष्टी सांगणारे, पोट सुटलेले, प्रेमळ म्हातारे. पुण्याच्या एका क्लायंटसाठी नाशिकच्या आमच्या छोट्या स्टुडिओत ते तयार होत होते. त्यांचं रिगिंग केलं होतं सागरने. मी त्याच्याहून सीनियर. मला काय मिळालं होतं? गुरुजींची शेळी.

रिगिंग म्हणजे काय, हे मला प्रत्येक लग्नकार्यात सांगावं लागतं, तर इथेही सांगते. कॉम्प्युटरमध्ये केलेलं पात्र आतून पोकळ असतं, साच्यातून काढलेल्या गणपतीसारखं. आम्ही रिगर त्यात हाडं बसवतो, सांधे देतो. कुठलं हाड हललं की कुठली कातडी किती ओढली जाईल, हे ठरवतो. वर कंट्रोल लावतो. ते कंट्रोल धरून ॲनिमेटर पात्राला चालवतो, नाचवतो. नाच चांगला झाला की लोक ॲनिमेटरचं कौतुक करतात. गुडघा बाहेर आला की रिगरला बोलावतात.

सागर ओझरचा. इंजिनिअरिंग करून अंबडच्या एका कंपनीत लागला, तिथे रमला नाही, आणि घरी व्हिडिओ बघून रिगिंग शिकला. मी रीतसर कोर्स केलेली. त्याने एक टूल लिहिलं होतं. बटण दाबलं की दोन पायांच्या कुठल्याही पात्रात हाडं आपोआप बसायची. मी ज्यात आठवडा घालवायचे, ते त्याचं चहा यायच्या आत व्हायचं. आमचे सर, म्हणजे स्टुडिओचे मालक, येईल त्या पाहुण्याला ते बटण दाखवायचे. माझ्या पोटात दुखायचं. त्यात तो मला ताई म्हणायचा, त्यामुळे धड भांडताही येत नव्हतं.

शिवाय या मालिकेनंतर दोघांतला एक लीड रिगर होणार, असं सरांनी सांगून ठेवलं होतं. ती जागा माझी आहे, असं मी कधीच धरून चालले होते. पण लीड होणाऱ्या माणसाला कोणी शेळी देतं का? शेळीला चार पाय असतात, ती जास्त अवघड असते, पण हे सांगायचं कोणाला.

तर गुडघा. गुरुजी छान चालत होते, पळत होते, शेळीमागे उड्या मारत होते. आमच्या सगळ्या टेस्ट परदेशी ट्यूटोरियलवरून उचललेल्या. त्यात पळणं, उडी, जिना आणि खुर्ची, एवढंच. मग क्लायंटकडून पहिल्या भागाचे सीन आले. गुरुजी जवळजवळ पूर्ण भाग पाटावर मांडी घालून गोष्ट सांगणार. आम्ही सगळी घरी जमिनीवर बसून जेवणारी माणसं, पण एकालाही हे आधी सुचलं नव्हतं. पाय दुमडताच जांघ चॉकलेटच्या कागदासारखी पिळली गेली, पोट पायांत घुसलं आणि गुडघा बाहेर.

सागर खाली बघत म्हणाला, "चुकलं सर. टूल लिहिताना याचा विचारच नाय केला मी."

सर माझ्याकडे वळले. "मृणाल, गुरुजी तू घे."

अंगावर मूठभर मांस चढलं. मी लगेच कामाला लागले. पाय दुमडल्यावर जिथे जिथे कातडी बिघडत होती, तिथे तिथे हाताने आकार नीट केला आणि पाय तेवढा वळला की तो आकार आपोआप यावा अशी सोय केली. गुडघा आत गेला. पिळा गेला. तरीही गुरुजी बसलेले वाटेनात. कोणीतरी त्यांना उचलून पाटावर ठेवल्यासारखं दिसत होतं.

सागर मागून जाताना थांबला. "ताई, कंबर बघा ना जरा."

मी म्हटलं, "मला दिसतंय." मला काहीही दिसत नव्हतं.

आमचं घर पंचवटीत. बाबा गोदाकाठी यात्रेकरूंची पूजा सांगतात, त्यांचा जन्म पाटावर गेला. मी मोबाइल बाजूने लावला आणि त्यांना बसा, उठा, परत बसा, असं करायला लावलं. शेवटी ते वैतागले. "मी काय शाळेत आहे का उठाबशा काढायला?"

व्हिडिओ हळू करून पाहिला. बाबा बसताना आधी कंबर मागे कलत होती, मग पाठ गोल होत होती, पोट मांड्यांवर टेकत होतं, आणि सर्वांत शेवटी गुडघे खाली येत होते. मी नुसते पायच दुमडले होते. कंबर उभ्या माणसाची तशीच राहिली होती. म्हणजे सागर बरोबर होता. चूक सापडल्याच्या आनंदापेक्षा त्याचाच राग जास्त आला.

मग पाय दुमडतील तशी कंबर आपोआप मागे कलेल असं केलं. पिळा वाटून घ्यायला जांघेत जास्तीची हाडं घातली, पोटाला त्याचं स्वतंत्र हाड दिलं. गुरुजी पाटावर टेकले आणि खरंच बसले. सागरला दाखवायला मी गेले नाही.

क्लायंटला व्हिडिओ कॉलवर तो सीन दाखवला. पुण्याच्या मॅडम हसल्या. म्हणाल्या, आमचे आजोबा अगदी असेच बसायचे, कोणी केलं हे? सर 'आमची टीम' असं काहीतरी म्हणत होते, तेवढ्यात सागर बोलला, "मांडी ताईंनी घातली मॅडम. माझी मोडली होती."

सगळे हसले. मॅडमना तो फार आवडला. त्याने श्रेय लाटलं असतं, तर मला निदान हक्काने चिडता आलं असतं. तेही सुख त्याने ठेवलं नाही.

लीड सागरच झाला. मी केबिनमध्ये जाऊन सरळ विचारलं, "सर, गुरुजी मी वाचवले ना?"

"तूच वाचवले," सर म्हणाले. "तुझ्याइतकं बारीक काम इथे कोणाचंच नाही. पण शेळी दिल्यापासून तू टीममध्ये कोणाशी धड बोलली नाहीस. लीडला दुसऱ्याचं ऐकावं लागतं, मृणाल."

सागरचं कंबरेचं बोलणं मी उडवून लावलं, हे त्यांना कोणी सांगितलं होतं, देव जाणे. मी विचारलं नाही.

आता सागरच्या टूलमध्ये एक नवं बटण आहे. माझी सगळी जुळणी त्याने मला विचारून त्यात घातली आणि बटणाला नाव दिलं, 'मृणालताई मांडी'. दाबलं की कुठलंही पात्र झकास बसतं. मी ते रोज दाबते आणि रोज जळते.

नव्या रिगरना मी एकच सांगते. पात्र हातावेगळं करण्याआधी त्याला एकदा जमिनीवर बसवून बघा. उभं असताना सगळ्यांचंच सगळं ठीक दिसतं.