सुनेचा मेपल

माझ्या सुनेच्या घरात दोन फ्रीज आहेत. एकात भाजी, दूध, कालची आमटी. दुसऱ्यात झाड. सिन्नरला सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून मी सांगतही नाही. डिसेंबरात मी पहिल्यांदा दोह्याला आले, अल थुमामातल्या या फ्लॅटमध्ये, आणि दुसरा फ्रीज रिकामा असेल म्हणून त्यात सफरचंदं ठेवायला गेले. उघडून बघते तर आत कुंडी, आणि कुंडीत नुसत्या काड्या. सुचित्रा धावत आली नि सफरचंदं माझ्या हातातून काढूनच घेतली. "आई, इथे फळं नको. पिकलेल्या फळांनी कळ्या खराब होतात."

म्हटलं, घ्या. सुनेला वेड लागलं आणि पोराने मला कळवलंसुद्धा नाही.

मग तिने शांतपणे समजावलं. हा जपानी मेपल. थंड मुलखातला. हिवाळ्यात पानं गाळून झोपायचं, हा त्याचा स्वभाव. ती झोप मिळाली नाही तर वर्ष-दोन वर्षांत कुढून मरतो. कतारात त्याला पुरेल एवढी थंडी कुठून आणायची? म्हणून फ्रीज. माती जराशी दमट ठेवायची, बाकी त्याला त्रास द्यायचा नाही. ऐकून मला त्या झाडाचा हेवाच वाटला.

सुचित्रा लग्नाआधी नाशकात कॉलेजवर वनस्पतिशास्त्र शिकवायची. माझ्या गिरीशच्या नोकरीपायी इथे आली आणि इतकी वर्षं डबे भरत राहिली. तक्रार करणारी नाही ती. बोलता बोलता मधेच थांबते आणि "जाऊ दे" म्हणते. त्या "जाऊ दे"चा मला मनस्वी राग येतो.

आता कुठे तिचं काहीतरी जुळत होतं. लुसैलला एका टॉवरमध्ये काचेच्या छताखाली, एसीत, अशाच मेपलची बाग केली आहे. ती झाडं मरायची, नवी आणायची, तीही मरायची. ती बाग बघणारी हिबा म्हणून एक जॉर्डनची बाई सुचित्राला नर्सरीत भेटली. सुचित्रा तिला म्हणाली, त्यांना झोपवा. हिबा म्हणाली, तुझं झोपवलेलं झाड पानावर आलेलं मला दाखव, सगळी बाग तुझ्या हाती देते. एप्रिलातला एक शनिवार ठरला.

गिरीशने ते हसण्यावारी नेलं. पण जेवताना मधूनच विचारायचा, "आणि घराचं काय?" घराला काय धाड भरली होती? नाकापेक्षा मोती जड व्हायला नको, एवढंच त्याचं दुखणं. मी जन्म दिलाय त्याला, मला कळतं.

फेब्रुवारी सरताना कुंडी बाहेर आली. काड्यांवरच्या कळ्या फुगल्या, लाल झाल्या, आणि मार्चमध्ये पानं फुटली. तान्ह्या बाळाच्या पंजासारखी, बोटं फाकलेली, इतकी पातळ की हात लावायची भीती वाटावी. सुचित्राने कुंडी उत्तरेच्या खिडकीशी ठेवली, पडद्याआड. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापतं म्हणून एसीचं पाणी बादलीत धरून तेच घालायची. आणि सगळ्यांना बजावलं होतं, गिरीशला तर समोर बसवून: बाल्कनीचं दार उघडायचं नाही. इथलं वारं या पानांना एक दुपार लागलं की संपलं.

शनिवार जवळ आला तशी ती जेवेनाशी झाली. मलाही घास उतरेना. तिच्या जागी मी असते तर कुंडी उशाशी घेऊन बसले असते.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, ती बाजारात गेली. जेवण करून मी आडवी झाले. झोपेतच बाल्कनीच्या दाराची कुरकुर ऐकली. ते दार अडकतं, खांदा लावल्याशिवाय सरकत नाही. गिरीश फोनवर बोलायला गेला असेल असं वाटलं. जाग आली ती सुचित्राची पिशवी आपटल्याच्या आवाजाने.

कुंडी बाल्कनीत होती. भर उन्हात, धुळीच्या वाऱ्यात. पानं गुंडाळून गेली होती आणि कडा तळणीत विसरलेल्या मेथीसारख्या करपल्या होत्या.

"अगं, चुकून राहिली बाहेर," गिरीश म्हणाला. "म्हटलं, जरा ऊन दाखवावं."

सुचित्राने कुंडी उचलून आत आणली आणि म्हणाली, "जाऊ दे."

कुंडी चुकून चालत जात नाही. ती उचलायला दोन हात लागतात, दाराला खांदा लागतो. लहानपणी धाकट्या बहिणीची पाटी फोडली तेव्हाही हा "चुकून"च म्हणाला होता, आणि तेव्हाही माझ्याकडे बघत नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ. संध्याकाळभर मी गप्प राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच तर आम्हाला शिकवलेलं.

शनिवारी सकाळी मी सुचित्राला म्हटलं, करपलेली पानं खुडून तरी टाक. ती म्हणाली, "नको आई, आहे तसंच दाखवते."

हिबा आली. कामगारांमध्ये राहून तिला हिंदी चांगलं येतं. तिने एक पान उलटून बघितलं. "हे कुणी केलं?"

गिरीश सोफ्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

"माझंच लक्ष नव्हतं," सुचित्रा म्हणाली.

हिबाने पर्स खांद्याला लावली. "एक झाड वाऱ्यात विसरणाऱ्या बाईला मी अख्खी बाग कशी देऊ?"

सुचित्राने मान खाली घातली. आता ती काय म्हणणार ते मला ठाऊक होतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

"वो नहीं भूली," मी म्हणाले. माझं हिंदी ते केवढं. "मेरे बेटे ने बाहर रखा. मालूम था, फिर भी रखा."

हिबाने गिरीशकडे बघितलं, मग वाकून एका काडीची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं.

"आता काय करशील?" तिने सुचित्राला विचारलं.

सुचित्राचा आवाज आधी कापत होता. सावलीत ठेवीन. पाणी बेताने. खत अजिबात नाही. पानं आपोआप गळतील. देठापाशी दुसऱ्या कळ्या असतात, त्या फुटतील, पण वाट बघावी लागेल. बोलता बोलता ती मास्तरीण झाली. असा आवाज या घरात मी ऐकलाच नव्हता.

"उद्यापासून ये," हिबा म्हणाली. "यल्ला, निघते." आणि गेली.

दार लागलं तसा गिरीश उठला. चेहरा उतरलेला, डोळे लाल. "परक्या बाईसमोर माझी अब्रू घालवलीस. आई, मी तुझा मुलगा आहे ना?"

"आहेस म्हणून तर," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाचा असतास तर गप्प बसले असते."