मग दारात बांधल्यात त्या दोघी कोण?

तात्यांनी उभी हयात बस चालवली आणि एकदाही लाल दिवा ओलांडला नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. निवृत्त झाल्यावर हातातलं चाक सुटलं आणि शेळीची कास आली. शेळ्या दोन होत्या, मायलेकी. दोघी पांढऱ्या आणि दोघी अतिशहाण्या. बायकोची, म्हणजे काकूंची, बोटं सांध्यांत धरायला लागली, तेव्हा धार काढायचं काम तात्यांकडे आलं. काकू त्या दुधाचं चीज करत. मऊ, आंबूस, जिभेवर ठेवलं की हळूहळू विरघळणारं. दूध तापवायचं, फाडायचं, फडक्यात बांधून टांगायचं आणि मग चौकटीत दाबायचं. त्या कामात त्या कुणाला ढवळाढवळ करू देत नसत. तात्यांना तर नाहीच नाही.

तात्यांची खोड एकच होती. पहाटेच्या गारव्यात धार काढताना चरवीत फेस चढतो, त्यातून वाफ निघते आणि तो वास नाकात शिरला की माणसाचं माणूसपण टिकत नाही. तात्या इकडे बघत, तिकडे बघत आणि चरवी तोंडाला लावत. धारोष्ण दूध. मिशा पुसल्या की पुरावा संपला. मग चरवीत कमी पडलेलं भरून काढायचं. पाणी घातलं असतं तर काकूंनी एका नजरेत ओळखलं असतं. म्हणून कडब्यामागे दडवलेल्या पिशवीतलं गायीचं दूध तात्या अदबीनं चरवीत ओतत. रंग पांढरा तो पांढराच. तात्यांच्या मते यात चोरी नव्हती, अदलाबदल होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला काकूंचं चीज आवडलं. दर आठवड्याला जेवढं होईल तेवढं घेतो म्हणाला, पाटीवर ‘शुद्ध शेळीचं’ असं लिहितो म्हणाला. फक्त एकदा तपासून द्या, कारण गायीचं दूध अजिबात न चालणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे येत. चुकून पोटात गेलं तर त्यांचं अंग सुजायचं. काकूंचे पाय त्या दिवशी जमिनीला लागत नव्हते. आयुष्यभर स्वयंपाक केला, पण पाटीवर कुणी कधी लिहिलं नव्हतं.

आणि तपासणीसाठी लांब जायलाच नको होतं. सूनबाई अन्न तपासायच्या प्रयोगशाळेतच कामाला. कुठल्या खिम्यात कुठलं जनावर, कुठल्या तुपात कुणाची चरबी, हे शोधणं हाच तिचा धंदा. लग्नाच्या पंगतीत ती बसली की वाढपी तिचं पान टाळून पुढे सरकायचा. ती म्हणाली, “आई, नमुना मी नेते, पण तपासणार माझी मैत्रीण. घरचं आहे, मी हात लावणार नाही.”

जेवण झाल्यावर तात्यांनी सुनेला सहज म्हणून विचारलं की हे डीएनए म्हणजे असतं तरी काय. तिला विषय आवडीचा. ती सांगत बसली, की प्रत्येक जनावर आपल्या कणाकणात स्वतःचं अक्षर ठेवून जातं. दूध तापवा, नासवा, दाबा, खारवा, ते अक्षर पूर्ण पुसलं जात नाही. यंत्र त्यातला एवढासा तुकडा धरतं आणि त्याच्या इतक्या नकला काढतं, की लपलेलं जनावर आपोआप उजेडात येतं.

“समजा, गाय नुसती शेजारून गेली असेल तर?” तात्यांनी विचारलं.

“शेजारून गेली तर काही नाही, तात्या. आत उतरली तर सापडते.”

“अगदी थोडी उतरली तरी?”

“थोडी म्हणजे किती?” सून हसली. तात्यांना ते हसू आवडलं नाही.

चीज तर आधीच तयार होतं, त्यात गाय उतरून बसली होती. बस चालवणारा माणूस रस्ता बंद दिसला की वळसा शोधतो. तात्यांनीही शोधला. ते काचेच्या दारांच्या मोठ्या दुकानात गेले आणि फळीवरचं सगळ्यात महाग शेळीचं चीज घेऊन आले. वेष्टनावर शेळीचं चित्र होतं, तेही दाढीसकट. सून अंघोळीला गेल्यावर त्यांनी तिच्या नमुन्याच्या डब्यातला काकूंचा तुकडा काढला आणि दुकानातला तसाच कापून ठेवला. काकूंचा तुकडा जागेवरच खाऊन टाकला. उत्तम झाला होता.

निकाल आला त्या संध्याकाळी सून घरात आली आणि पर्स खांद्यावरून न काढताच खुर्चीवर टेकली.

“आई, यात शेळी नाहीच.”

“कशात?”

“तुमच्या चीजमध्ये. सगळी गाय आहे. पुन्हा करून पाहिलं, तरी तेच.”

काकू उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि अंगणात बघत राहिल्या. “मग दारात बांधल्यात त्या दोघी कोण?”

तात्यांना हसू येणार होतं, तेवढ्यात काकू मागे वळल्या आणि हसू आतच विरलं. काकूंचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या हळू आवाजात सुनेला सांगू लागल्या, की माझ्या आईचंसुद्धा असंच सुरू झालं होतं. मीठ समजून साखर घालायची, स्वतःच्या घराचं दार विसरायची. माझ्याच हातून दुसरं दूध पडलं असेल आणि मला आठवत नसेल. हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांग. आणि चौकट उचलून माळ्यावर टाक, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही.

लाल दिवा कसा दिसतो हे तात्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, “तुझं डोकं ठिकाणावर आहे. ते चीज तुझं नव्हतंच. दुकानातलं होतं.”

“कुठल्या दुकानातलं?” सून ताडकन उभी राहिली.

“का बदललंत?” काकूंनी विचारलं.

दोन्ही प्रश्न एकदमच आले. तात्यांनी सोपा आधी घेतला, दुकानाचं नाव सांगितलं, वेष्टनावरची दाढीसुद्धा सांगितली. सूनबाई फोन घेऊन अंगणात धावली. दुसरा प्रश्न मात्र समोर कंबरेवर हात ठेवून उभाच होता. तात्यांनी फेस सांगितला, वाफ सांगितली, कडब्यामागची पिशवी सांगितली.

“कधीपासून?”

“तुझी बोटं दुखायला लागली तेव्हापासून.”

“म्हणजे माझं दुखणं तुम्हाला मानवलं म्हणायचं.” काकू खाली बसल्या. रडतायत की काय म्हणून तात्या वाकून बघायला गेले, तर त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. डोकं शाबूत निघाल्याचा आनंद मोठा असतो. पण तेवढ्यात गायीचं दूध न चालणारी गिऱ्हाइकं त्यांना आठवली, आणि मग जे ऐकावं लागलं ते तात्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

दुकानातून सरकारी माणसांनी स्वतः नमुने उचलले. दाढीवाल्या शेळीच्या आत गायच निघाली आणि फळी रिकामी झाली. ही चोरी आपणच पकडली, असं तात्या चहाच्या टपरीवर सांगू लागले. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त थोडं गाळलेलं होतं.

काकूंनी नवं चीज केलं ते भांडी उकळून, पिशवी उकिरड्यावर फेकून. त्यात शेळी आणि फक्त शेळीच निघाली. हॉटेलच्या पाटीवर नाव चढलं. धार अजून तात्याच काढतात, काकूंच्या बोटांना दुसरा इलाज नाही. पण अट आहे. धार सुरू असेपर्यंत शीळ घालत राहायचं, कारण शीळ घालणाऱ्या तोंडाला चरवी लागत नाही. येणारे-जाणारे म्हणतात, या वयात म्हातारा बायकोसाठी शीळ घालतो. काकू आत लाजतात आणि कान बाहेर लावून बसतात.

परवा शीळ मध्येच तुटली.

“का थांबलात?” आतून आवाज आला.

“अगं, श्वास घेतोय.”

“नाकानं घ्या,” काकू म्हणाल्या.