दुबईला जाणारे बोकड

बँकेच्या कामासाठी मी शहराबाहेरच्या एका बोकडांच्या फार्मवर गेलो होतो. तिथल्या सुपरवायझरनं आधी माझे बूट औषधी पाण्यात बुडवायला लावले. स्वतः मात्र गुटखा थुंकून आत आला. हे बोकड दुबईला जाणार, म्हणून तो त्यांच्याशी फार अदबीनं बोले, "क्या मियाँ, खाना हुआ?"

एका बोकडाला तापासाठी सकाळीच इंजेक्शन दिलेलं होतं. सुपरवायझरनं त्याला कळपातून बाहेर काढलं. "दवा अंदर है, दुबई नक्को."

"मग इथेच ठेवणार?"

"नक्को साब, आज सिटी में भेजते."

"अहो, ते औषध आमच्या पोटात जाईल!"

त्यानं मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घबराव नक्को. वो लोगां नाजूक हैं. अपने को आदत है."

रविवारी मी शहरातल्या काचीगुड्याच्या दुकानातून मटण आणलं. बोकड कुठला, हे काही विचारलं नाही.