खालून पाहिलेलं घर

सावनीचा शनिवार ठरलेला होता. चेन्नईच्या टोकाला शोळिंगनल्लूरला जायचं, भाड्याने द्यायला घ्यायचा फ्लॅट शेवटचा बघायचा आणि दलाल रघुराम यांच्या हातात दोन लाखांचा टोकनचा चेक ठेवायचा. नोंदणी धरून बहात्तर लाखांचं काम. पंचावन्न बँक देणार होती. सात तिने स्वतः साठवले होते. दहा सांगलीहून बाबांनी, अनंतरावांनी, पाठवले होते. निवृत्तीनंतर हातात आलेल्या फंडातले. त्यांच्याकडे दुसरे नव्हते.

जिन्यात घरमालकीण भेटल्या. शशिकला अक्का. वय अडुसष्ट, तंजावरकडच्या मराठी घरातल्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नुंगंबाक्कमच्या या घराखेरीज त्यांची आणखी तीन घरं भाड्याने होती. ती कशी झाली, हे सावनीने कधी विचारलं नव्हतं.

"भाडं किती येईल म्हणतो तो दलाल?"

"अठ्ठावीस हजार. म्हणजे बारा महिन्यांचे तीन लाख छत्तीस हजार."

"भाड्याचं वर्ष दहा महिन्यांचं असतं गे. एक महिना घर रिकामं. एक महिन्याचं रंगास नि नळास जातं. थांब, मी येतें."

त्या आल्या तेव्हा हातात पिशवी होती. पिशवीत चार चुरगळलेल्या सुती साड्या.

इमारत चकचकीत होती. रघुराम लिफ्टपाशी हसत उभे होते. अक्का आत गेल्याच नाहीत. फाटकाबाहेर झाडाखाली इस्त्रीची गाडी होती. अलमेलू नावाची बाई कोळशाची इस्त्री फिरवत होती. अक्कांनी साड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि स्टुलावर बसल्या.

"तू वरती जाऊन ये. मी खालून बघतें."

सावनी अर्ध्या तासाने उतरली. वारा छान होता, ओटा मोठा होता. अक्का आणि अलमेलू जन्माची ओळख असल्यासारख्या तमिळमध्ये बोलत होत्या. अक्का एकेक वाक्य मराठीत करून देऊ लागल्या.

"एकशेवीस दारं. दोन वर्षांमागे साठ घरांचे कपडे येत. आता बावीस."

"लोक घरीच इस्त्री करत असतील."

अक्कांनी ते विचारलं. अलमेलूने इस्त्री टेकवली. गाठोड्यातून एक शर्ट काढून पसरला. पांढरा असावा. आता सगळा पिवळट होता.

"बोअरचं पाणी," अक्का म्हणाल्या. "उन्हाळ्यात तेही आटतं, मग टँकर. भाडेकरू सहा महिने धुतात नि जातात. मागल्या महिन्यात एक जोडपं बावीस हजारांत आलं. अठ्ठावीस कोणीच देत नाही."

रघुराम आले. नळाला महापालिकेचं पाणी येणार आहे, म्हणाले.

"कधी?"

"लवकरच, अम्मा."

"मग पाणी आलं की तुम्हीही या."

एवढं तमिळ सावनीला कळलं. रघुरामही हसले. मग फोन काढून बाजूला गेले.

अक्कांनी कागद घेतला नाही. फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं बोलल्या. "हप्ता अठ्ठेचाळीस हजार. बावीसचे दहा महिने, त्यातून इमारतीची देखभाल वजा. महिन्यास पंधरा पडतील हातात. तेहतीस तुझ्या पगारातून. वीस वर्षं."

"मी पगारातून वीस हजार धरले होते."

"तू रघुरामचे धरलेस."

सावनी गाडीच्या कडेला टेकली. नोकरी सहा महिने गेली असती तर हप्ता कुणी भरला असता, हे तिला आत्ता दिसलं. बाबांनी. आणि त्यांच्यापाशी आता काही उरलं नव्हतं, तेही दिसलं.

"अक्का, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कोणी नाही. माझं पहिलं घर मी वरूनच पाहिलं. गच्चीतून समुद्र दिसे. अकरा महिने रिकामं राहिलं. हे नुकतेच वारले होते. शाळा सुटली की शिकवण्या, शिकवण्या सुटल्या की हप्ता. मग खालचा इस्त्रीवाला म्हणाला, अम्मा, पंप रडतो, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. पंप बदलला. पंधरा दिवसांत भाडेकरू आला. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणतो, तुम्ही कधी विचारलंत?"

अलमेलूला मराठी येत नव्हती. पण गोष्ट तिने मघाशीच तमिळमध्ये ऐकली असावी. ती इस्त्री थांबवून हसत होती.

सावनीला काहीतरी बोलायचं होतं. या बाईंना आपल्याकडून महिन्याच्या भाड्यापलीकडे काहीच नको असताना त्यांनी बस बदलून, उन्हात, स्टुलावर दीड तास काढला होता. तिने अक्कांचा हात धरला. अक्कांनी तो धरू दिला.

फोन वाजला. अनंतराव.

"झालं का गं?"

"नाही बाबा. देत नाहीये चेक. तुमचे पैसे सोमवारी परत पाठवते."

"काही अडलं का?"

"नाही. एक बाई सोबत आल्या होत्या. माझ्या घरमालकीण."

"बरं केलंस," अनंतराव म्हणाले. ते दहा लाख पाठवल्यापासून त्यांना झोप लागत नव्हती, हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नसतं. आज मोकळ्या झालेल्या आवाजावरून कळलं.

"त्यांना चांगलं जेवायला घाल," ते म्हणाले. "माझ्याकडून."

फोन स्पीकरवर नव्हता, तरी अक्कांनी ऐकलं.

"सांग त्यांस," त्या म्हणाल्या, "मी फार जेवतें."