तेजश्रीची सावड

आमच्या निमोण्यात कुणी परदेशातून आलं की लोक चॉकलेटच्या आशेनं भेटायला जातात. तेजश्री आली की मात्र लोक बांधाबांधानं कलटी मारतात, कारण ती बॅगेतून व्यायाम आणते. कोरियाहून आली तेव्हा तिनं मला ओसरीवर उभं करून अर्धा तास नुसता श्वास घ्यायला लावला. मागच्या खेपेला डोळे झाकून विहिरीपर्यंत चालवलं. विहिरीला कठडा आहे म्हणून आज हे लिहितोय.

मी बाळासो. मंडप, लाइट आणि साउंडचा माझा धंदा. तेजश्री आमच्याच वस्तीवरली, ईश्वरअण्णांची मुलगी. तिच्या शाळेतल्या पहिल्या नाटकाला हॅलोजन मी लावला होता, तेव्हापासून मी तिचा लाइटवाला. मुलगी बी.कॉम. झाली, रांजणगावच्या एका कारखान्यात दोन वर्षं क्वालिटीला राहिली, आणि एके दिवशी राजीनामा देऊन घरी आली. म्हणाली, आता मी फ्रीलान्स दिग्दर्शक. अण्णांनी शांतपणे विचारलं, "म्हंजी बस कुठनं पकडायची?"

बस ती सगळीकडनंच पकडायची. दौंडला रेल्वेवाल्यांच्या मुलांचं नाटक बसव, शिरूरला कॉलेजचं गॅदरिंग कर, पाबळला शिबिर घे, आणि उरलेल्या वेळात जगभर अर्ज पाठव, असं तिचं चालायचं. अर्ज दहा पाठवले की एखादा लागायचा. मग शिरूरच्या स्टँडवर तिला सोडायला मीच जायचो. पाठीवर सॅक, पिशवीत शेंगदाण्याची चटणी, आणि पोरगी निघाली पोलंडला.

पोलंडला एक गंमत झाली. तिथं जगभरचे नट आठ दिवस एकच गोष्ट शिकत होते, ती म्हणजे टाचा न उचलता उकिडवं बसायचं आणि तसंच सरकत पुढं जायचं. लोक घामाघूम, कुणाचे गुडघे धरले, कुणी मागं कलंडतंय. तेजश्री मात्र दिवसभर बसली आणि या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात गेली. मास्तरांनी विचारलं, कुठं शिकलीस? तिनं तिथनंच साळूनानीला व्हिडिओ कॉल लावला. साळूबाई म्हणजे तिची थोरली चुलती, साऱ्या वस्तीची नानी, वय बासष्ट. नानी तेव्हा कांद्याची लागण करत होती. फोन वाफ्याच्या कडेला टेकवला आणि नानीनं एका सरळ रेषेत रोपं टोचत अख्खा वाफा संपवला. पलीकडं पंधरा देशांची माणसं व्यायाम सोडून बघत होती म्हणे. नानीनं एवढंच विचारलं, "ह्यांच्यात कांदा न्हाई व्हय?"

त्या पंधरा देशांतली एक मारिका. एस्टोनिया नावाच्या लहानशा देशातली दिग्दर्शिका, चाळिशीची, हसली की डोळे पार मिटणारी. तिनं तेजश्रीला गळ घातली, की आपण दोघींनी मिळून नाटक करू, तुमच्या बायका आणि आमचे नट. त्याला दोन वर्षं गेली, आणि एका डिसेंबरात मारिका चार नटांना घेऊन निमोण्यात दाखल झाली. वस्तीवरच्या सहा बायका आणि हे पाच पाहुणे. मराठी पाहुण्यांना येईना, इंग्रजी बायकांना येईना, तरी दुसऱ्या दिवसापासून चुलीपुढं हशा सुरू झाला.

नाटक अगदी साधं होतं. ओळीनं लागण करत पुढं सरकायचं आणि जिची पाळी येईल तिनं सांगायचं, मी आजवर लांबात लांब कुठं गेले. नानीचं वाक्य होतं, "मी दौंडपत्तुर गेलीया. बहीण दिलीया तिथं. रेल्वे बघितली, बसले न्हाई." हे ती इतक्या सहज म्हणायची की तालमीत दर वेळी माझं लाइटचं बटण दाबायचं राहायचं.

प्रयोग ठरला रविवारी, दुपारी चार वाजता, शाळेच्या मैदानात. परदेशातल्या एका महोत्सवाची दोन माणसं फक्त तेवढ्यासाठी येणार होती आणि सोमवारी परत जाणार होती. त्यांना पटलं तर नाटक मे महिन्यात एस्टोनियाला जाणार, न पटलं तर तेजश्रीची सहा वर्षांची वणवण निमोण्यातच संपणार. मी शुक्रवारीच मंडप ठोकला. शाळेवर एवढा लाइट त्याआधी कधी पडला नसेल.

शनिवारी सकाळी नानी तालमीला आली आणि म्हणाली, "तेजे, उद्या आमी न्हाई. उद्या रंगुबाईची सावड हाय."

सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात यायचं, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, लिखापढी नाही. आणि ती मोडायची तर मुळीच नाही.

"नानी, उद्या प्रयोग हाय. परवा जा की."

"परवापास्नं लाइट रातची, दिवसा वाफ्याला पाणी न्हाई. आज रोपं उपटून ठिवल्यात. उद्याच लागण."

तेजश्रीचा आवाज चढला. सहा वर्षं, पाहुणे, महोत्सव, सगळं सांगून झालं. नानी ऐकत राहिली. मग तिनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "आमी सा जणी अठरा दिस तुझ्या तालमीला येतोय. आमचं रान कोण करत हुतं?"



करत होती खालच्या वस्तीवरची रंगुबाई, तिच्या जावा आणि तिथल्या बायका. सकाळी उठून यांचे वाफे लावायच्या, म्हणून या तालमीला येत होत्या. अठरा दिवसांत हे तेजश्रीच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि गंमत बघा, हीच बाई पोलंडात सावडीवर चाळीस मिनिटं बोलून आली होती, पडद्यावर फोटो दाखवून. मी त्यावरून तिला चिडवणार होतो, पण तिचं तोंड बघून जीभ आवरली.

"माझं चुकलं, नानी," ती म्हणाली. चप्पल घातली आणि तडक रंगुबाईच्या घरी गेली. मला वाटलं, गयावया करणार, एक दिवस मागणार. मी मागोमाग गेलो. रंगुबाई गोठ्यात होती. तेजश्री म्हणाली, "वैनी, उद्या सहा जणी ठरल्याप्रमाणं येतील. वर आम्ही सात जण. पाच पाहुणे, मी आन् हा बाळासोदादा."

माझं नाव त्यात कसं आलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"पाव्हण्यांस्नी जमंल व्हय?" रंगुबाईनं विचारलं.

"न्हाई जमणार. पण सावड आमच्यावर हाय."

रविवारी उजाडताच सगळे रानात. वाफ्यांत पाणी सोडलेलं, चिखल गार. मारिकाला पोलंडचं बसणं कामाला आलं; ती निदान बसली. चौघांतला उंच नट मात्र पहिल्या वाफ्यातच पाठीवर पडला आणि दोन रोपं घेऊन उठला. नानी एकेकाचा हात धरून शिकवत होती, किती खोल टोचायचं, किती अंतर सोडायचं. रंगुबाईची धाकटी जाऊ पाहुण्यांच्या मागून सरकत वाकडी रोपं सरळ करत होती. माझी तर सगळीच सरळ करावी लागली. दुपारी बांधावर भाकरी आणि ठेचा खाताना उंच नटाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा सगळ्या रानाला हसू आवरेना.

एक वाजता संपेल म्हटलेलं काम तीनलाही संपलं नव्हतं. मी हातपाय धुऊन शाळेवर पळालो. महोत्सवाची दोघं मंडपात पहिल्या रांगेत बसलेली, समोर माझे आठ दिवे आणि मोकळं स्टेज. काय सांगणार? त्यांना टेम्पोत घातलं आणि रानात आणलं. प्रयोगाला आलेलं गावही मागोमाग आलं आणि बांधावर बसलं.

शेवटचे दोन वाफे राहिले होते. तेजश्रीनं आम्हाला पाहिलं. तिला एका शब्दात सगळ्यांना थांबवता आलं असतं, कपडे बदला, शाळेवर चला म्हणता आलं असतं. तिनं नानीकडं बघून नुसती मान हलवली आणि स्वतः परत खाली बसून रोप टोचलं.

नाटक तिथंच सुरू झालं. ओळ सरकत होती, एकेक जण सांगत होतं. मारिका तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली; कळलं नाही, पण आईबद्दल असावं असं वाटलं. नानीनं दौंडची रेल्वे सांगितली. त्यानंतर उंच नटाची पाळी होती, पण त्याच्या आधी ओळीतून रंगुबाईचा आवाज आला. ती नाटकात नव्हती. हात न थांबवता ती म्हणाली, "मी शिरूरच्या बाजारापत्तुर. पण ह्या सा जणी तालमीला जात हुत्या, तवा मला वाटायचं, मीबी जातेय." उंच नट थांबला आणि त्यानं तिच्या हातात रोपांची जुडी दिली.

शेवटचं रोप टोचलं गेलं आणि बायका कंबर सरळ करत उठल्या. गाव टाळ्या वाजवत होतं. माझा एकही दिवा लागला नव्हता आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. तेजश्री चिखलाच्या हातांनीच डोळे पुसत होती. एवढ्या वर्षांत मला तिचं कौतुक फार वेळा वाटलं, अभिमान त्या दिवशी वाटला.

महोत्सवाच्या माणसांनी होकार दिला तो एका अटीवर, ती शिरूरच्या बाजाराची बाईसुद्धा आली पाहिजे.

मे महिन्यात तेजश्रीला आणि सात जणींना शिरूरच्या स्टँडवर सोडायला मी गेलो. मला न्यायचं नाही म्हणून थोडा रुसलो होतो, ते नानीनं ओळखलं आणि लाडूचा डबा माझ्याकडंच ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी तेजश्रीचा फोटो आला. तालमीचा असेल म्हणून उघडला, तर काळंभोर रान, मागं उंच झाडं, आणि स्वेटरवर पदर खोचून सात जणी ओळीनं बटाटे लावताहेत. मारिकाच्या आईवडलांचं रान. तालीम ठेवली होती सकाळी दहाला, पण नानीनं आधी विचारलं होतं, "मारिकाचं रान कुठंय?"

फोटोखाली नानीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. धापा टाकत, हसत म्हणत होती, "बाळासो, हितली सावड फिटली बघ. आता नाटकाला लागतो."