वाचणाऱ्याचं नाव

आमच्या टीमच्या प्रमुखांना सगळे 'बाई' म्हणायचे. शाळेतल्या बाईंसारख्या त्या आम्हाला मोठ्याने वाचायला लावत, म्हणून. मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठा, पण मीही बाईच म्हणायचो. मला टीमने 'खडूस' हे नाव दिलं होतं आणि ते काही खोटं नव्हतं. मी टेस्टर. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची, याचाच मला पगार मिळतो. अशा माणसाला कुणाचं कौतुक करणं जमत नाही, तरी बाईंबद्दल लिहायला बसलो आहे.

आम्ही दवाखान्यांच्या वेबसाइट बनवतो. बाई येण्याआधी आमच्याकडे सगळा आनंदीआनंद होता. ज्याला जसं सुचेल तसा तो कोड लिहायचा आणि परस्पर चालू साइटवर चढवायचा. साइट बंद पडली की एकमेकांकडे बोट दाखवायचो. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब ज्याची चूक असेल त्याला उभं करून सगळ्यांसमोर धुवून काढत. त्याने चुका कमी झाल्या नाहीत. लोक त्या लपवण्यात मात्र तरबेज झाले.

बाईंचे वडील छापखान्यात प्रुफं तपासायचे. तिथे दोघं जण समोरासमोर बसत. एक मूळ मजकूर मोठ्याने वाचणार, दुसरा प्रुफावर नजर ठेवणार आणि शेवटी कोपऱ्यात दोघांच्या सह्या. छापून गेलं की चूक दोघांची. लहानपणी सुट्टीत बाई वडिलांचा डबा घेऊन जात आणि ते वाचन ऐकत बसत. तीच रीत त्यांनी आमच्याकडे आणली. ज्याने कोड लिहिला त्याने गप्प बसायचं. दुसऱ्याने तो पडद्यावर बघत, साध्या भाषेत, मोठ्याने सांगायचा. खाली दोघांची नावं टाकायची, मगच बदल साइटवर जाणार. आणि काही बिघडलं तर मीटिंगमध्ये 'कोणी केलं' हे विचारायचं नाही, 'कसं झालं' एवढंच विचारायचं.

सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली. नवरदेव तर म्हणाला, आता बाराखडीपण घोकून घ्या आमच्याकडून. नवरदेव हा आमचा डेव्हलपर. लग्न झाल्या झाल्या नोकरीवर रुजू झाला म्हणून हे नाव पडलं. आता त्याची मुलगी शाळेत जाते, तरी तो नवरदेवच. पण त्याचाच कोड दुसरा कोणी वाचू लागला आणि मध्येच अडखळला, तेव्हा त्याने स्वतःच कपाळाला हात लावला. मग कुरकुर आपोआप थांबली. साइट पडेनाशा झाल्या. मी वेळेवर घरी पोचू लागलो, तेव्हा बायकोने काळजीने विचारलं, नोकरी गेली का.

एका डायलिसिस केंद्राचं काम आमच्याकडे होतं. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त तिथे यंत्राने शुद्ध करतात. प्रत्येक रुग्णाचे वार आणि वेळ ठरलेली, आणि ती आमच्या साइटवर दिसायची. ती बघूनच काउंटरवरची माणसं यंत्र द्यायची. बाईंचे वडील तिथलेच रुग्ण होते. केंद्राची तक्रार होती की गाव सोडून गेलेल्या लोकांच्या वेळा तशाच अडकून पडतात आणि नवे रुग्ण ताटकळतात. तेव्हा ज्यांनी बरेच दिवस साइट उघडलेली नाही त्यांची खाती बंद करून वेळा मोकळ्या कराव्यात, असं ठरलं. नवरदेवने कोड लिहिला. बाईंनी तो मोठ्याने वाचला. मी तपासला. सांगितलं होतं ते तो कोड अगदी चोख करत होता.

म्हातारी माणसं साइट कशाला उघडतील, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांचे वार त्यांना पाठ असतात. ती ठरल्या दिवशी पिशवी घेऊन जातात आणि आपल्या खुर्चीत बसतात. त्या दिवशी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना काउंटरवर सांगितलं गेलं की तुमची वेळ नाही. बाकीच्यांनी तिथेच आरडाओरडा केला आणि संध्याकाळपर्यंत यंत्र मिळवलं. बाईंचे वडील काही न बोलता घरी परतले. मुलगी कामात असेल म्हणून त्यांनी फोनही केला नाही. संध्याकाळी मुलगी घरी आल्यावरही ते केंद्राचं बोलले नाहीत. केंद्राची तक्रारही तोवर आमच्यापर्यंत पोचली नव्हती, म्हणून बाई रोजच्यासारख्या कामाला आल्या. पुढच्या वारापर्यंत थांबू, असं म्हाताऱ्याने मनाशी ठरवलं होतं. त्याआधीच त्यांना धाप लागली आणि शेजाऱ्यांनी त्यांना रुग्णालयात नेलं.

फोन ऑफिसात आला तेव्हा मी बाईंबरोबर गेलो. वडील उशाला टेकून बसले होते, नाकाला नळी होती. बाईंनी विचारलं, भांडला का नाहीत? मला फोन का नाही केला?

"पडद्यावर नाव नव्हतं गं," ते म्हणाले. "कोणीतरी वाचूनच लावलं असेल ना ते."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "बाबा, वाचणारी मीच होते."

त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.  मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो. मला तिथे उभं राहवत नव्हतं आणि निघून जाववतही नव्हतं.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. केंद्राला उत्तर द्यायचं होतं आणि त्यांना एक नाव हवं होतं. नवरदेव टेबलाच्या टोकाला मान खाली घालून बसला होता. त्याची नोकरी त्या नावावर लटकलेली होती. त्याला बाईंचे वडील तिथे जातात हे माहीत होतं, आणि बाईंकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. दोन्ही नावं त्या बदलाखाली नोंदलेली होती, साहेबांना बघता आली असती. पण त्यांना ते बाईंच्या तोंडून हवं होतं.

"वाचणाऱ्याचं नाव माझं आहे," बाई म्हणाल्या. "तेच कळवा."

"पण लिहिलं कोणी?"

"ते आपण इथे विचारत नाही, साहेब."

 मग साहेबांनी केंद्राला बाईंचंच नाव कळवलं. बाईंचं प्रमुखपद मात्र राहिलं, कारण ते काम दुसऱ्या कोणाला जमणार नव्हतं. बाहेर पडताना बाई मला म्हणाल्या, "तोंडापर्यंत आलं होतं हो त्याचं नाव. मला ते सगळ्यांसमोर घ्यायचं होतं."  मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की तो नियम पाळणं त्यांना किती जड गेलं.

वडील घरी आले, पण पूर्वीसारखे सावरले नाहीत. काही आठवड्यांनी ते गेले. हृदय आधीपासूनच कमकुवत होतं, असं डॉक्टर म्हणाले. चुकलेल्या त्या एका दिवसाने किती फरक पडला, हे बाईंनी विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही. माझ्या मते पडला. मी ते कधी त्यांच्यासमोर बोललो नाही.

कामावर परत आल्यावर बाईंनी तो बदल स्वतः नव्याने लिहिला. तोवर बंद झालेली खाती पुन्हा उघडून साइटवर आम्ही जुनंच चालू ठेवलं होतं. वाचायला त्यांनी नवरदेवला बोलावलं. तो म्हणाला, दुसऱ्या कोणाला सांगा. बाई म्हणाल्या, तूच वाच.

तो खुर्ची ओढून बसला. बाई नियमाप्रमाणे गप्प राहिल्या. त्याने घसा खाकरून वाचायला घेतलं: साइट उघडली नाही म्हणून कोणाचंही खातं बंद होणार नाही. रुग्ण आला नाही, तर केंद्राचा माणूस त्याच्या घरी फोन करेल. घरच्यांनी हो म्हणेपर्यंत ती वेळ त्याचीच राहील. मध्ये थांबून तो पाणी प्यायला आणि त्याने पुढचं वाचलं. शेवटी, आता आम्ही प्रत्येक वाचनानंतर विचारतो तो प्रश्न त्याने विचारला, यात कोण राहून गेलं? बाईंनी कोणी नाही अशी मान हलवली. खाली दोघांची नावं पडली. मी बदल उलटसुलट तपासला, मला खोट सापडली नाही.

बदल साइटवर गेल्यावर केंद्राच्या माणसासमोर न आलेल्या रुग्णांची नावं आली आणि तो फोन करायला बसला. थोड्या वेळाने बाईंचा फोन वाजला. नवरदेव त्यांच्या शेजारीच होता, मी समोर. पलीकडचा माणूस काय विचारतोय ते आम्हाला लगेच कळलं, कारण 'यांची वेळ दुसऱ्याला देऊ का' हे वाक्यही बाईंनीच लिहून दिलं होतं.

"हो," बाई म्हणाल्या. "मी मुलगी. आता त्यांची वेळ दुसऱ्या कोणाला द्या."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मग नवरदेवकडे वळून त्यांनी विचारलं, पुढचं कोणाचं वाचायचं आहे.